डायलिसिस चालू आहे, तरी रक्त का वाढत नाही? (डॉ. एश्बाख यांच्या मेंढ्या आणि आमचे दादा)

सुमेधा_निपाणी (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, चौदा महिने झाले डायलिसिसवर आहेत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पस्तीस वर्षं राबले. साखर आणि बीपी दोन्ही जुनं दुखणं. आठवड्यातून तीनदा भाऊ त्यांना कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला नेतो. चार तास मशिनवर, मग परत, आणि घरी पाणीही मोजूनच प्यायचं. हे सगळं आता अंगवळणी पडलंय. पडत नाही ते एकच, हिमोग्लोबिन. ७.२, ७.४, ७.१, परत ७.२. एकेकाळी पाठीवर तंबाखूची बोदं वाहणारा माणूस दाराच्या तीन पायऱ्या चढला की कट्ट्यावर बसतो आणि बोलायला दोन मिनिटं घेतो.

नातेवाईक येतात ते बीट, खजूर, डाळिंब घेऊन येतात. आत्या तर म्हणते, "रक्त मशिन खातंय, जाऊ नका तिकडं."

गणपतीत एका रात्री फार धाप लागली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं दोन बाटल्या रक्त चढवलं. आईची सही घेतली, पण कागदावर काय लिहिलंय ते तिला कुणी सांगितलं नाही. आई दादांना किडनी देणार आहे, तिच्या तपासण्या चालू आहेत. पुढच्या भेटीत किडनीच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. बाहेरचं रक्त चढवलं की शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि मग बसवलेली किडनी न स्वीकारण्याचा धोका वाढतो, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या रात्री रक्त खरंच लागणार असेल तर लागू दे, पण आईला एवढं तरी सांगायला हवं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मूत्रपिंड रक्त गाळतं हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. पण रक्त वाढवण्याचा हुकूमही तिथूनच सुटतो, हे आमच्या पुस्तकात कुठं ठळक नाही. म्हणून खोलात गेले, आणि अमेरिकेतल्या सिएटलचे किडनीचे डॉक्टर जोसेफ एश्बाख यांच्या कामापाशी येऊन थांबले. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९६० मध्ये सिएटललाच बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातात कायमची बसवून ठेवायची नळी तयार केली. त्याआधी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची, त्यामुळे डायलिसिस फार दिवस चालवताच येत नसे. नळी आली आणि किडनी गेलेली माणसं वर्षानुवर्षं जगायला लागली. एश्बाख याच वातावरणात घडले. त्यांच्यासमोरची माणसं जगत होती, पण पांढरीफटक पडलेली, खुर्चीतून उठायची ताकद नसलेली. उपाय एकच, रक्ताच्या बाटल्या. त्यातून संसर्गाची कावीळ व्हायची, आणि बाटलीमागून बाटली चढवून अंगात नको तेवढं लोह साचायचं.

मूत्रपिंडातून काहीतरी निघतं आणि त्यामुळे तांबड्या पेशी वाढतात, हे माहीत झालं होतं. पॅरिसमध्ये कार्नो आणि देफ्लांद्र यांनी १९०६ मध्येच अशा पदार्थाची कल्पना मांडली होती. १९५७ मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन यांच्या गटानं उंदरांची मूत्रपिंडं काढून तो तिथंच तयार होतो हे दाखवलं. नाव एरिथ्रोपोएटिन. तरीही पुष्कळ जणांचा समज असा, की किडनीच्या रुग्णाची अस्थिमज्जा (हाडांच्या आतली, रक्त बनवणारी) अंगात साठलेल्या विषांनी दबून जाते, तिला कितीही हुकूम दिला तरी ती उठणार नाही.

एश्बाख यांनी मेंढ्या घेतल्या. काही मेंढ्यांची मूत्रपिंडं निकामी करून त्यांना माणसासारखं डायलिसिसवर ठेवलं. दुसऱ्या मेंढ्यांमध्ये रक्तक्षय घडवून आणला, म्हणजे त्यांच्या रक्तद्रवात एरिथ्रोपोएटिन भरपूर चढलं. तो रक्तद्रव किडनी गेलेल्या मेंढ्यांना दिला. त्यांच्या मज्जेनं अगदी निरोगी मेंढीसारखा जोर धरला. हा लेख १९८४ चा. मज्जा जागीच होती, तिच्यापर्यंत हुकूम पोचत नव्हता.

हे वाचताना मी दादांकडं बघत होते.

तोवर फू-कुएन लिन यांनी १९८३ मध्ये या द्रव्याचं जनुक हाती आणलं होतं, त्यामुळे ते प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेता यायला लागलं. १९८५ च्या शेवटी सिएटलला माणसांवर चाचणी सुरू झाली. एश्बाख आणि सहकाऱ्यांचा अहवाल जानेवारी १९८७ मध्ये आला. रुग्ण २५. पुरेसा डोस मिळालेल्या १८ पैकी ज्या १२ जणांना रक्त चढवावं लागायचं, त्यांचं रक्त चढवणं थांबलं. १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

आता माझा प्रश्न. दादांना हेच इंजेक्शन आठवड्यातून दोनदा, ४००० युनिट, चालू आहे. भाऊ ते महिन्याचं एकदम आणतो, आणि घराशेजारची सिस्टर टोचते. मग रक्त हलत का नाही?

---

अन्नपूर्णा_हुक्केरी | रविवार, रात्री १०.२०

सुमेधाताई, वाचताना गळा दाटून आला. माझ्या मोठ्या दिरांचं असंच झालं होतं. त्यांना आम्ही शहाळं आणि बिटाचा रस देत होतो, मायेपोटी. एके दिवशी छातीत धडधड सुरू झाली, रक्तातलं पोटॅशियम ६.८ निघालं, म्हणजे धोक्याइतकं जास्त. किडनी गेलेल्या माणसाला शहाळं, खजूर, डाळिंब, केळं, बीट हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पाहुण्यांनी आणलेलं घरातल्या पोरांना द्या. वाईट दिसतं, पण करा.

---

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ११.०५

ताई, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, नऊ वर्षं झाली डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम करतोय. डोस वगैरे डॉक्टर बघतील, मी तीन गोष्टी विचारतो.

पहिली. इंजेक्शन घरी कुठं ठेवता? फ्रिजच्या नेमक्या कुठल्या खणात?

दुसरी. गेल्या तीन महिन्यांत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून मज्जेपर्यंत पोचू शकणारं लोह) तपासलंय का? नुसतं हिमोग्लोबिन नको.

तिसरी. हातातली शीर (फिस्टुला) आहे की मानेत नळी? नळी असेल तर बारीक जंतुसंसर्ग आतल्या आत चालू असू शकतो, आणि तसा असला की इंजेक्शन लागू पडत नाही.

आत्यांना सांगा, मशिन रक्त खात नाही. पण दर वेळी गाळणीत आणि नळ्यांत थोडं रक्त मागं राहतं, तपासणीसाठी काढलं जातं ते वेगळं. वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह असं निघून जातं. म्हणजे आत्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण त्यावर इलाज लोह भरून देणं हा आहे. डायलिसिस चुकवलं तर माणूस हातचा जाईल.

---

मेंढवाडा | सोमवार, सकाळी ६.१५

ताई, मी घटप्रभेकडचा. आमच्या घरात चार पिढ्या मेंढरं हायत. पाच-सातशे मेंढरांमागं आमचा आजा फिरायचा, पावसाळ्यात इकडं, उन्हाळ्यात तिकडं.

मेंढरू पांढरं पडलं हे आम्हाला डोळ्याची खालची पापणी उलटून कळतंय. तांबडी असली तर बरं, पांढरी दिसली तर पोटात जंत. आजा हेच करायचा, आता मी करतोय. पण मेंढराची किडनी बंद करून त्याला मशिनवर जगवलं, आणि त्याच्यातनं माणसाचं औषध निघालं, हे आज पहिल्यांदाच वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या मेंढरांचं नाव तरी कुणी लिहून ठेवलं असंल काय.

माझ्या थोरल्या भावाला गुडघेदुखीच्या गोळ्या खाऊन किडनीचा त्रास झाला. दुकानातनं दहा-दहा गोळ्यांची पाकिटं आणायचा, चार वर्षं. ऊसतोडीची, मेंढरामागची, वखारीतली माणसं हेच करत्यात. हे पण लिहा कुणीतरी.

---

ओंकार_येळ्ळूर | सोमवार, दुपारी १.३०

मेंढवाडा काका, मेंढ्यांचा हात याच्याही आधीपासून आहे! मी बायोटेक शिकतोय, गेल्या सत्रात यावर सादरीकरण केलं होतं.

शिकागोचे यूजीन गोल्डवासर. १९५५ मध्ये जेकबसन यांनी त्यांना एरिथ्रोपोएटिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला सांगितलं. त्यांना वाटलं, काही महिन्यांचं काम. लागली वीसहून अधिक वर्षं! आधी त्यांनी रक्तक्षय झालेल्या मेंढ्यांच्या रक्तावर काम केलं. खाटीकखान्यात जाऊन रक्त गोळा करायचं, ते गाळायचं, त्यातून थेंबभर अर्क काढायचा. मेंढीचं एरिथ्रोपोएटिन १९७१ मध्ये हाती लागलं. पण माणसाचं हवं होतं.

मग जपानमधल्या कुमामोतोचे ताकाजी मियाके पुढे आले. त्यांच्याकडे मज्जा निकामी झालेले रुग्ण होते. अशा रुग्णांच्या लघवीत हे द्रव्य खूप असतं, कारण मूत्रपिंड हुकूम सोडत राहतं आणि मज्जा ऐकत नाही. मियाके यांनी २,५५० लिटर लघवी जमवून सुकवली आणि तिचा अर्क रेशमी कापडात बांधून शिकागोला नेला. त्यातून शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघालं ते दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. १९७७ साल. लिन यांना जनुक शोधायला सुरुवात करता आली ती या चिमूटभर पदार्थामुळे. गोल्डवासर यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही.

कुणाच्या तरी आजारपणात बाहेर टाकलेल्या लघवीतून दादांचं इंजेक्शन आलंय. मला हे फार मोठं वाटतं.

---

सुमेधा_निपाणी | सोमवार, रात्री ८.४०

मलप्रभाकाठ भाऊ, तुमचा पहिला प्रश्न वाचला आणि उठून फ्रिज उघडला.

इंजेक्शनं वर बर्फाच्या कप्प्यात होती. वहिनीनं जपून, डब्यात घालून ठेवली होती. औषध "थंडीत ठेवा" असं दुकानदारानं सांगितलेलं, म्हणून सगळ्यात थंड जागा. आत दोन सिरिंज अक्षरशः गोठलेल्या होत्या. सिस्टर यायच्या आधी वहिनी त्या बाहेर काढून ठेवायची, त्यामुळे तिलाही कधी कळलं नाही.

वहिनी मघापासून रडतेय. तिनं दादांचं सगळं केलंय, अगदी डायपरपासून. तिला काय बोलणार.

---

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ९.००

ताई, आधी वहिनींना सांगा की महिन्याला एक तरी घर असं भेटतं. औषध देताना खोक्यावरची ओळ वाचून दाखवणं आमचं काम आहे, आम्ही कमी पडतो.

२ ते ८ अंश. म्हणजे फ्रिजचा मधला खण. दारात नको, दार उघडमिट होत राहतं. बर्फाला चिकटून तर अजिबात नको. एकदा गोठलं की ते प्रथिन मोडतं, परत वितळलं तरी दिसायला तसंच दिसतं, काम करत नाही. जोरात हलवायचंही नाही. कोल्हापूरहून आणताना बर्फाची पिशवी आणि औषध यांच्यामध्ये जाड फडकं ठेवा. गोठलेलं सगळं टाकून द्या, पैशाकडं बघू नका. आणि डॉक्टरांना हे सांगाच. नाहीतर ते समजतील की ४००० पुरत नाही आणि डोस वाढवतील.

---

शहापूरकर | सोमवार, रात्री १०.३०

बेळगावात तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, आता निवृत्त. मलप्रभाकाठ यांनी शेवटी जे लिहिलंय त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ते फार महत्त्वाचं आहे.

इंजेक्शन आल्यावर डॉक्टरांना वाटलं, रक्त निरोगी माणसाइतकं केलं तर रुग्ण निरोगी माणसासारखा होईल. समजण्यासारखी गोष्ट आहे. पण १९९८ मध्ये हृदयविकार असलेल्या डायलिसिस रुग्णांवरची मोठी चाचणी थांबवावी लागली, कारण रक्त पूर्ण वाढवलेल्या गटाला फायदा दिसेना आणि धोका दिसायला लागला. २००६ मध्ये डायलिसिसवर न गेलेल्या १,४३२ किडनी रुग्णांवरच्या चाचणीत हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत नेलेल्यांचं ११.३ वर ठेवलेल्यांपेक्षा वाईट झालं. २००९ मध्ये मधुमेह आणि किडनीविकार असलेल्या ४,०३८ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्यांत पक्षाघात जवळजवळ दुप्पट दिसला. म्हणून आता हिमोग्लोबिन मुद्दाम १३ च्या वर न्यायचं नाही, आणि साधारण ११.५ च्या पुढं ढकलत राहायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय शिरस्ता आहे. दादांचा आकडा १० ते ११ च्या आसपास आला की समाधान माना. शेजाऱ्याचं १४ आहे म्हणून १४ मागू नका.

आता लोह. एश्बाख यांच्या पहिल्या रुग्णांतच हे दिसलं होतं: मज्जा जोरात कामाला लागली की लोहाचा साठा भराभर संपतो. इंजेक्शन म्हणजे गवंड्याला दिलेला हुकूम. विटा नसतील तर तो नुसता उभा राहील.

फेरिटिनचा आकडा किडनीच्या रुग्णात फसवतो. सूज, संसर्ग असला की फेरिटिन आपोआप वर जातं. यकृतातून हेप्सिडिन नावाचं द्रव्य निघतं, ते लोहाची दारं बंद करतं. आतड्यातलं लोह रक्तात येत नाही, साठवलेलं बाहेर पडत नाही. निरोगी किडनी हेप्सिडिन काढून टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. त्यामुळे कोठार भरलेलं आणि चूल थंड, अशी अवस्था होते. गोळ्यांनी पोट बिघडतं आणि लोह पोचत नाही, म्हणून शिरेतून देतात. ब्रिटनमध्ये २,१४१ डायलिसिस रुग्णांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लोह आधीच पुरेसं देत राहिलेल्यांना इंजेक्शन कमी लागलं आणि रक्तही कमी चढवावं लागलं.

तेव्हा ताई, डोस वाढवण्याआधी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघा असं डॉक्टरांना नम्रपणे म्हणा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. बी-१२, थायरॉइड, शौचातून रक्त जातंय का, हेही बघून घेतील. लोहभस्म किंवा कुठलंही भस्म मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

---

बेळगुंदीची_सिस्टर | मंगळवार, दुपारी ३.१०

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, बावीस वर्षं. आमच्याकडं रक्तक्षय म्हणजे बाळंतीण. बाई काळवंडली, पाय सुजले, तरी रोपलावणीला जाते. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आमच्याकडं ८ आणि ९ रोजचे.

इथं कुणी म्हणेल संशोधन सिएटल-शिकागोला होतं. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर चाचणी झाली होती. १,६२० बाया, बाळंतपण करणाऱ्या आमच्यासारख्या एएनएम (आरोग्यसेविका), आणि रक्तस्राव रोखायला मिसोप्रोस्टॉलची गोळी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. अंगाखाली किती रक्त गेलं ते मोजायला खास पिशवी असायची. त्याआधी आम्ही लुगड्याकडं बघून अंदाज करायचो.

आता मूळ मुद्दा. रक्तक्षय दिसला की आम्ही डोळे झाकून लोहाच्या गोळ्या देतो. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला, साखर-बीपी असेल तर, त्याबरोबर क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन बघायला हवं. मी स्वतः दोन माणसांना वर्षभर नुसत्या गोळ्या दिल्या, किडनी बघितली नाही. त्यातले एक गेले. ते आजही डोळ्यांसमोर येतात.

मेंढवाडा भाऊ, दुखण्याच्या गोळ्यांचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं.

---

ओंकार_येळ्ळूर | मंगळवार, रात्री ९.१५

शहापूरकर काका, एक विचारायचं होतं. किडनीतल्या आणि इतर पेशींना प्राणवायू कमी झाल्याचं कळतं कसं, यावरच्या कामाला २०१९ चं नोबेल मिळालं ना? सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन. त्यातले रॅटक्लिफ तर किडनीचेच डॉक्टर. त्यावरून निघालेल्या गोळ्या भारतातही आल्यात, डेसिडुस्टॅट २०२२ मध्ये मंजूर झाली. म्हणजे फ्रिजची भानगडच नाही. दादांना चालेल का?

---

शहापूरकर | मंगळवार, रात्री १०.००

बरोबर. शरीर विरळ हवेत असल्यासारखं वागायला लागतं असं त्या गोळीचं काम, त्यामुळे उरलीसुरली किडनी आणि यकृत स्वतःच एरिथ्रोपोएटिन बनवतात. पण लोह तिलाही लागतंच, आणि रक्तात गुठळी होण्याची काळजी तिथंही असते. कुणाला द्यायची हे किडनीच्या डॉक्टरांनी रुग्ण बघून ठरवायचं. धाग्यावर मी होय-नाही म्हणणार नाही.

---

अन्नपूर्णा_हुक्केरी | बुधवार, सकाळी ११.४५

अजून एक, कागदपत्रांचं. आमच्या दिरांना शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत डायलिसिस मिळालं, कोल्हापूरच्या चकरा वाचल्या. तिकडं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये मोफत उपचारांची फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली होती. निघायच्या आधी फोन करून कुठलं कार्ड चालतं ते विचारून घ्या. आणि सही करायच्या आधी कागद कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, "मराठीत सांगा" म्हणायला लाजू नका. सांगतात.

---

सुमेधा_निपाणी | अडीच महिन्यांनी, शनिवार, रात्री ९.२०

बरेच दिवस आले नाही, माफ करा.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, गोठलेल्या सिरिंजचंही. त्यांनी डोस तोच ठेवला. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १३ टक्के निघालं, फेरिटिन १८०, म्हणजे लोह कमीच. शिरेतून लोह सुरू केलं, डायलिसिसच्या वेळीच देतात. इंजेक्शन आता मधल्या खणात, दह्याच्या भांड्याशेजारी. वहिनीनं डब्यावर मोठ्या अक्षरात "२ ते ८" लिहून चिकटवलंय.

महिन्यानं ८.१. काल ९.६.

आईच्या तपासण्या पुढं सरकल्यात. रक्त चढवल्यानं प्रतिपिंडं झाली का ते बघणारी चाचणी पाठवलीय, अहवाल यायचा आहे.

दादांना मी एश्बाख यांची गोष्ट सांगितली होती, मेंढवाडा काकांच्या पत्नीनं विचारलेलं पण सांगितलं. आज सकाळी ते उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, मध्ये कुठं बसले नाहीत. परत आले तेव्हा दाराशी उभं राहून आईला म्हणाले, "च्या टाक, अर्धा कपच टाक, पाणी मोजायचं हाय."